पेठेची ईर्षा आणि नेरुळचे तीन दिवस

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारपासूनच पेठेतली पोरं गायब होतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आमच्याकडे घरच्या माणसांसारखी घेतात. मी त्यातच वाढले. माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्या तालमीच्या संघाचे गोली. धाकटे काका त्याच संघात राइट आउट, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारे.

त्यामुळे ६ एप्रिल २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या स्पेनच्या दोन क्लबांचे निवृत्त खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळणार म्हटल्यावर माझ्या आठवीतल्या मुलाने जो हट्ट धरला, त्याला माझ्याच्यानं नाही म्हणवेना. पोरगा माद्रिदचा भक्त. काका नेरुळलाच राहतात, म्हणजे मुक्कामाची सोय घरचीच. मी दोघांची तिकिटं काढायला बसले, तेवढ्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा दारात येऊन उभे राहिले. "माझं बी काढ," म्हणाले.

मी बघतच राहिले. अण्णा काकांकडे राहायला कधीच गेलेले नव्हते. लग्नकार्यात भेट व्हायची, शेताचं बोलणं व्हायचं, गुडघे आणि बीपीच्या गोळ्यांची चौकशी व्हायची. पण फुटबॉलचा विषय त्या दोघांमध्ये चाळीस वर्षं निघालेला नव्हता. मी पाच तिकिटं काढली. चौथं काकांचं, पाचवं त्यांच्या नातीचं.

शनिवार, ५ एप्रिल

रात्रीच्या बसने सकाळी साडेसहाला एलपीला उतरवलं. (कोल्हापूरहून येणाऱ्यांसाठी: नेरुळला जायचं तर बसवाल्याला 'एलपी' सांगायचं. वाशीपर्यंत जाऊन रिक्षाने मागे यायची गरज नाही.) काका न्यायला आले होते. महामार्गाच्या कडेला दोघे भाऊ समोरासमोर उभे. "आलासा?" काका म्हणाले. "व्हय," अण्णा म्हणाले. काकांनी अण्णांच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागले. अडतीस वर्षं नवी मुंबईत काढलेल्या काकांच्या तोंडी एरवी इथली भाषा असते, पण अण्णांसमोर पहिल्याच शब्दाला कोल्हापूर आलं.

रिक्षातून स्टेडियम दिसलं. अण्णांनी मान बाहेर काढून त्या छताकडे पाहिलं. प्रेक्षकांवर एवढं मोठं छप्पर आणि मध्ये कुठेही खांब नाही. "बांधलं कुणी हे?" त्यांनी विचारलं. २००८ साली उभं राहिलेलं हे स्टेडियम हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेलं, असं मी सांगितलं. त्याचं अण्णांना विशेष वाटलं नाही. पण डी. वाय. पाटील म्हणजे आपल्या कसबा बावड्याचे, एवढं आठवल्यावर त्यांचा चेहरा उजळला. दिवसभर भेटेल त्याला ते हेच सांगत होते.

काकूंनी न्याहारीला मिसळ केली होती. आम्ही नेलेल्या कांदा-लसूण चटणीचा कट, आणि वर काकूंची ताकीद, "पाव कमी खा, दुपारी मासे आहेत." मासे दिवाळे गावातून. बेलापूरच्या अलीकडचं हे कोळ्यांचं गाव. काकूंच्या ओळखीच्या मावशी तिथे बसतात. मांदेली आणि बोंबील घेतले. बोंबील इतके ताजे होते की पिशवीत धरवत नव्हते. नवी मुंबईत आलात आणि मासे खात असाल तर सकाळीच दिवाळ्याला जा, दुपारनंतर निवड राहत नाही. अण्णा शनिवार पाळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी पिठलं झालं. त्यांच्या सोबतीला म्हणून काकांनीही पिठलंच घेतलं. काकू माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, नुसती भुवई वर केली.

उकाड्याबद्दल लिहिलंच पाहिजे. कोल्हापूरचं ऊन कोरडं असतं. इथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अकरा वाजताच सदरा पाठीला चिकटतो, पंख्याखाली बसूनही वाळत नाही. खाडीवरचा वारा सुटतो तो पाचनंतर. तो सुटल्यावर काका आम्हाला टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मागच्या पाणथळीवर घेऊन गेले. तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरलेले. (भरती-ओहोटीची वेळ बघून जा. ओहोटीला हे पक्षी लांब खाडीच्या चिखलात चरायला जातात, भरतीला पाणी वाढलं की इकडच्या तळ्यांवर येतात. आम्ही गेलो तेव्हा भरती होती.) सगळे एका दिशेला तोंड करून, एका पायावर. थव्यातून एक उठला की त्याच्या पंखाखालचा तो लाल रंग क्षणभर दिसतो. अण्णा बराच वेळ बांधावर बसून होते. "नायलॉनच्या जाळीवर वाळत घातल्यागत दिसत्यात," एवढंच म्हणाले.

रात्री जेवणं झाल्यावर खरी मजा सुरू झाली. माझ्या चुलतभावाची मुलगी, माझी भाची, पंधरा वर्षांची आहे. ती इथल्या मुलींच्या संघात मधल्या फळीत खेळते आणि कट्टर बार्सिलोनाची. माझा मुलगा माद्रिदचा. गच्चीवर चटई टाकल्यावर दोघांची जुंपली. मी महिनाभर वाचून टिपणं काढली होती, म्हणून पंच मी.

मुलाने पहिलाच गोळा टाकला, "अकरा-एक!"

हा आकडा माद्रिदवाल्यांच्या जिभेवर असतो. १३ जून १९४३, स्पेनच्या चषकाच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना. पहिला सामना बार्सिलोनाने घरी ३-० असा जिंकला होता. माद्रिदमध्ये मध्यंतरालाच ८-० झाले आणि शेवट ११-१. यादवी युद्ध संपून चार वर्षं झाली होती, फ्रँकोची हुकूमशाही होती, चषकालाही त्याच्याच पदवीचं नाव दिलेलं होतं. सामन्याआधी सुरक्षा खात्याचा एक बडा अधिकारी बार्सिलोनाच्या खोलीत जाऊन खेळाडूंना 'आठवण' देऊन आला, असं बार्सिलोनाकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नेमके शब्द काय होते यावर आजही वाद आहे. पण त्या सामन्यानंतर दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं, एवढं नक्की. आणि माद्रिदच्या रिकाम्या खुर्चीवर त्याच वर्षी सांतियागो बेर्नाबेऊ आले, ज्यांचं नाव आज त्यांच्या स्टेडियमला आहे.

भाची म्हणाली, "बघ, सरकारच तुमच्या बाजूनं!"

तिथे मला मध्ये पडावं लागलं. बार्सिलोनाचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना १९३६ साली फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या, ही खरी आणि भयंकर गोष्ट आहे. त्याआधीही, १९२५ मध्ये, प्रेक्षकांनी राजगीताच्या वेळी शिट्ट्या वाजवल्या म्हणून बार्सिलोनाचं मैदान काही महिने बंद ठेवलं गेलं आणि क्लब स्थापन करणाऱ्या गॅम्पर यांना पद सोडावं लागलं. बार्सिलोना ज्या कॅटलोनिया प्रांतात आहे तिथली कॅटलन भाषा, कॅटलन झेंडा यांना जागा उरली नाही तेव्हा लोकांनी ते सगळं क्लबमध्ये आणून ठेवलं. पण माद्रिदचे अध्यक्ष राफाएल सांचेस-ग्वेर्रा हेही फ्रँकोविरुद्ध लढलेल्या प्रजासत्ताकाच्या बाजूचे होते आणि त्यांनाही फ्रँकोने तुरुंगात टाकलं, हे कुणी सांगत नाही. युद्धानंतर हवाई दलाशी जोडलेला संघ माद्रिद शहराचाच दुसरा क्लब अॅटलेटिको होता, रेआल नव्हे. दुसऱ्या पेठेच्या घरातही कुणी रडलं होतं, हे आपल्या पेठेत कधी सांगितलं जात नाही. मी लहानपणापासून हे पाहिलंय.

गंमत म्हणजे सुरुवात अगदी साधी आहे. बार्सिलोना क्लब १८९९ चा, माद्रिद १९०२ चा. दोघांचा पहिला सामना १३ मे १९०२ ला झाला. तेराव्या अल्फोन्सो राजाच्या राज्यारोहणानिमित्त स्पर्धा होती, मैदान माद्रिदचं घोड्यांच्या शर्यतीचं, आणि बार्सिलोना ३-१ ने जिंकलं. माद्रिदच्या नावाआधी 'रेआल', म्हणजे शाही, ही पदवी त्याच राजाने १९२० साली दिली. १९१६ मध्येच मात्र पंचावरून पहिली मोठी ठिणगी पडलेली दिसते. चषकाच्या उपांत्य फेरीचा निकाल लागेना म्हणून चार सामने खेळवले, त्यातला एक तर ६-६ असा सुटला. चौथ्यात पंच माद्रिदचा जुना खेळाडू आहे म्हणत बार्सिलोनाचा संघ मैदान सोडून गेला.

इथवर अण्णा डोळे मिटून पडले होते. पंचाचं नाव निघताच उठून बसले.

मग मी १९७० ची गोष्ट सांगितली. बार्सिलोनाचं काम्प नोऊ स्टेडियम, ६ जून. माद्रिदचा वेलास्केस चेंडू घेऊन निघाला, त्याला पाडलं पेनल्टीच्या चौकटीबाहेर, चांगलंच बाहेर. पंच गुरुसेता लांबून धावत आले आणि त्यांनी पेनल्टी दिली. लोकांनी बसायच्या गाद्या मैदानात भिरकावल्या, शेवटी जमाव आत घुसला आणि सामना तिथेच थांबला. आज पंचावन्न वर्षं झाली, तरी बार्सिलोनात चुकीच्या निर्णयाला त्या पंचाच्या नावाने ओळखणारी म्हातारी माणसं आहेत.

"चौकटीबाहेर म्हंजे किती?" अण्णांनी विचारलं. मी हाताने दाखवलं. अण्णांनी मान हलवली, जणू कालच घडलंय.

भाचीच्या पोतडीतही कमी नव्हतं. १७ फेब्रुवारी १९७४, क्रायफ या डच खेळाडूचा बार्सिलोना माद्रिदच्या घरात ०-५ ने जिंकला. त्यावर मुलाकडून १९९५. तो किस्सा तर कादंबरीत शोभावा असा: जानेवारी १९९४ मध्ये बार्सिलोनाने माद्रिदला ५-० हरवलं, रोमारियोचे तीन गोल. बरोबर वर्षाने माद्रिदने बार्सिलोनाला ५-० हरवलं, सामोरानोचे तीन. आणि मिकाएल लाउद्रुप हा डॅनिश खेळाडू दोन्ही वेळा जिंकणाऱ्या बाजूला होता, कारण मधल्या उन्हाळ्यात त्याने क्लब बदलला होता.

"क्लब बदलला," माझ्या शेजारून काका म्हणाले. रात्रभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

मला वाटलं विषय बदलावा. पण मुलाने लगेच फिगोचं नाव काढलं, कारण उद्या तो खेळणार होता. लुईस फिगो पोर्तुगालचा, १९९५ पासून बार्सिलोनाचा जीव की प्राण. जुलै २००० मध्ये माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरेंतिनो पेरेस यांनी मतदारांना वचन दिलं, मला निवडा, मी फिगो आणतो. ते निवडून आले आणि सुमारे ६ कोटी युरो मोजून फिगोला खरंच घेऊन आले. तेव्हा जगात कुठल्या खेळाडूसाठी एवढे पैसे मोजले गेलेले नव्हते. २३ नोव्हेंबर २००२ ला तो काम्प नोऊवर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा प्रेक्षकांतून बाटल्या, नाणी आणि चक्क डुकराचं मुंडकं येऊन पडलं. सामना पंधरा मिनिटांच्या आसपास थांबवावा लागला.

"त्याच्याआधी दि स्तेफानो होता की," काका म्हणाले. मी चकित झाले. १९५३ ची ती भानगड काकांना पाठ होती. दि स्तेफानो या अर्जेंटिनाच्या खेळाडूच्या हक्कासाठी बार्सिलोनाने अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी बोलणी केली, माद्रिदने कोलंबियाच्या मियोनारिओसशी. शेवटी स्पॅनिश संघटनेने निवाडा दिला, की चार वर्षं, एक हंगाम ह्यांच्याकडे, एक हंगाम त्यांच्याकडे. बार्सिलोनाने तो नाकारला आणि हक्क सोडून दिला. मग तो माद्रिदचा झाला आणि १९५६ पासून माद्रिदने सलग पाच युरोपीय चषक उचलले. "वाटणी केली हुती माणसाची," काका म्हणाले आणि खाली निघून गेले.

दोन मिनिटांनी वर आले ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. आत तिकिटं होती, रबर लावून ठेवलेली. डिसेंबर २०१४, इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना, शेवटच्या मिनिटांत रफीकने डोक्याने मारलेला गोल, कोलकाता १, केरळ ०. ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालील विश्वचषक, स्पेन-माली उपांत्य सामना. त्या स्पेनच्या संघात पुढे बार्सिलोनात गेलेला फेरान तोर्रेस होता. ऑक्टोबर २०२२, मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक, अंतिम सामना, स्पेन १, कोलंबिया ०. तो पाहायला काका नातीला घेऊन गेले होते; त्यात खेळलेली विकी लोपेझ आता बार्सिलोनाकडून खेळते, म्हणून भाची बार्सिलोनाची. ती म्हणाली, "आत्या, मार्च २०२२ ला काम्प नोऊवर बार्सिलोना-माद्रिद मुलींचा सामना बघायला ९१,५५३ माणसं आली होती." आकडा तिने एकेक करून सांगितला.

काका एवढी वर्षं जाऊन फुटबॉल पाहत होते आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. अण्णांनी ती तिकिटं एकेक करून दिव्याजवळ धरून वाचली. डब्याच्या तळाला एक फोटो होता, पिवळा पडलेला, कोपरा दुमडलेला. अकरा पोरं, मागे शाहू स्टेडियमची भिंत. तो अण्णांनी पाहिला आणि उलटा ठेवला.

आता ती गोष्ट सांगते. १९८३ साल. घरात पगार कुणालाच नव्हता. शेजारच्या पेठेतल्या एका बड्या माणसाने काकांना शब्द दिला, आमच्याकडून हंगाम खेळ, तुला कारखान्यात चिकटवतो. काका गेले. पुढच्या वर्षी दोन्ही संघ समोरासमोर आले आणि काकांनी अण्णांना गोल मारला. एकच गोल, त्यावर सामना गेला. त्यानंतर दोन वर्षं आजी दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायची. मी तेव्हा लहान होते. मला आठवतंय ते एवढंच, की काकांचं ताट वाढताना आजी दाराकडे बघत असायची. १९८७ ला काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले आणि कायमचे इकडे आले.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये बारा वाजता पाळणा झाला, हातावर सुंठवडा. शेजारच्या बायकांनी अण्णांना पाहुणे म्हणून पुढे बसवलं. दुपारी कुणी बाहेर पडलं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नेरुळ स्थानकातून स्टेडियम चालत वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी हार्बर मार्गावर दिवसा मेगाब्लॉक असू शकतो, आधी वेळापत्रक बघा. ठाण्याकडून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बर गाडी बघावी. बाहेरचं खाणं, बाटल्या आत नेता येत नाहीत. अण्णांनी आणलेलं भडंग आम्ही बाहेरच उभं राहून संपवलं. म्हातारी माणसं सोबत असतील तर दरवाजे उघडताच आत जा. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि गर्दी मागे लागली की त्यांना थांबून दम घेता येत नाही. सुटल्यावर रिक्षाची वाट बघू नका, स्थानकाकडे चालत सुटा.

आत शिरल्यावर मुलगा आणि भाची दोघेही गप्प झाले. दिव्यांच्या उजेडात ते हिरवं गवत, एका बाजूला पांढरे सदरे, दुसऱ्या बाजूला निळे-लाल. आमच्या शेजारी घणसोलीहून आलेले एक गृहस्थ होते, पंचेचाळिशीचे, अंगात बार्सिलोनाचा जुना सदरा, रंग विटलेला. त्यांनी मला सांगितलं, "२००० साली मी कॉलेजात होतो. रात्री जागून सामने बघायचो. खोलीत फिगोचं पोस्टर होतं." पुढे त्यांनी काही सांगितलं नाही. फिगोचं नाव पुकारलं तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि ते हाताची घडी घालून बसले होते. मराठी माणूस, घणसोलीचा, बार्सिलोना कधी पाहिलेलंही नाही. मला ते अजिबात वेडेपणाचं वाटलं नाही. आपण ज्याला आपलं म्हटलं त्याने दार ओलांडलं, तर ते पंचवीस वर्षांनीही दुखतं.

अण्णा पुढे वाकले. "ह्योच का त्यो?"

"ह्योच," काका म्हणाले.

"राइट आउट हुता न्हवं?"

"व्हय."

फिगो आणि बार्सिलोनाचा रिवाल्दो दोघेही बावन्न वर्षांचे, एके काळी एकाच संघात खांद्याला खांदा लावून खेळलेले, आज समोरासमोर. पाय मंदावले आहेत हे आमच्या जागेवरूनही दिसत होतं. धाव अर्ध्यात सुटायची, चेंडू गेला की कुणी मागे लागत नव्हतं. पण चेंडू पायाशी आल्यावर जो पहिला स्पर्श होतो, तो वयाला बधत नाही. चेंडू जिथे पडायचा तिथेच राहायचा, जणू मांजर मांडीवर बसावं. मुलाला गोल हवे होते. अण्णांना नको होते. ते एकाच माणसाकडे बघत होते.

"मान बघ त्याची," अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "चेंडू यायच्या आदी एकदा वळून बघतोय. राइट आउटला ते उपजत असावं लागतं. शिकवून येत न्हाई."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला हातातच धरला होता, कागदाचा. तो दाबून दाबून त्याची कड पार मऊ झाली होती.

बार्सिलोना २-० ने जिंकलं. भाची नाचली, मुलगा थोडा हिरमुसला, पण माद्रिदचा पेपे समोरून गेला तेव्हा पुन्हा ओरडून घसा बसवून घेतला. घणसोलीचे गृहस्थ दोन्ही गोलांना उभे राहिले. शेवटी खेळाडू मैदानाभोवती हात हलवत निघाले, फिगो आमच्या बाजूला आला, तेव्हाही ते उभे होते. टाळी त्यांनी वाजवली नाही. पण बसलेही नाहीत.

आम्ही स्थानकाच्या दिशेने चालत निघालो. हवा आता बरी होती. रस्त्यात पांढरे आणि निळे-लाल सदरे एकमेकांत मिसळून चाललेले, कुणी ढोल बडवत होतं, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीभोवती गर्दी. मुलं पुढे, मी मध्ये, दोघे भाऊ मागे. एका खांबाखाली पावलं थांबली म्हणून मी वळून पाहिलं.

"ऑफसाइड हुता," अण्णा म्हणाले. म्हणजे पास मिळताना काका बचाव करणाऱ्यांच्या पुढे होते, तो गोल धरायचाच नाही.

काका थांबले. एवढा मोठा श्वास घेतला त्यांनी. "नव्हता."

"दोन पावलं म्होरं हुतास."

"अण्णा, तुमचा बॅक गोललाइनीवर झोपला हुता. त्यानं मला ऑनसाइड केलं."

"त्यो बॅक न्हवं झोपला, त्येला तुमच्या फॉरवर्डनं पाडलं हुतं!"

एक्केचाळीस वर्षं जो गोल आमच्या घरात कुणी उच्चारला नाही, तो नेरुळच्या रस्त्यावर दिव्याखाली मांडला गेला. काकांनी चपलेच्या टोकाने धुळीत रेघ ओढली, ही गोललाइन. अण्णांनी एक दगड ठेवला, हा मी. लोक बाजूने जात होते. मुलगा मला म्हणाला, "आई, भांडतायत का?" मी म्हटलं, "नाही रे. थांब, बघू दे."

घरी पोचायला अकरा वाजले. काकू वरण-भात घेऊन वाट बघत होत्या. जेवताना मिठाची वाटी गोलपोस्ट झाली, लिंबाच्या फोडी खेळाडू झाल्या. काकूंनी एकदा दोघांकडे पाहिलं आणि उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी भाचीच्या आग्रहाने खारघर. बेलापूरहून मेट्रो आहे, १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली, बेलापूर ते पेंधर अकरा स्थानकं. गर्दी कमी, डबे थंड. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना फिरवायला याहून चांगलं काही नाही. सिडकोने खारघरला फुटबॉलसाठी खास केंद्र उभारलंय, ते बाहेरून पाहिलं. मागे डोंगर, पुढे हिरवळ. "आमच्या वेळी शाहू स्टेडियमवर बी असलं गवत नव्हतं," अण्णा म्हणाले. "तरी तू त्याच्यावर पळायचास," काकांकडे न बघता त्यांनी जोडलं. भाचीने कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून आत पाहिलं. इथे एक दिवस खेळणार, असं तिने मला कानात सांगितलं.

दुपारची बस एलपीवरून होती. काका थांब्यावर आले. काकूंनी दिलेला सुंठवडा आणि सुके बोंबील यांची पुडी काकांनी अण्णांच्या पिशवीत नीट खालच्या बाजूला ठेवली. गणपतीनंतर कोल्हापूरला येतो म्हणाले. हंगाम कधी सुरू होतो, हेही विचारून घेतलं. अण्णांनी खिडकीची जागा घेतली आणि बस वळेपर्यंत हात बाहेर ठेवला.

घाट चढून लोणावळ्याजवळ आलो असू, माझा फोन वाजला. काका होते. पोचलात का, जेवलात का, असलं काही नाही.

"अण्णांना विचार," ते म्हणाले, "लाइन्समन कुठल्या बाजूला हुता?"